डब्यातली किरकोळ माणसं

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. आकाराने विटेएवढा, रंगाने हिरवा, आणि झाकणावर लाल तुऱ्याचा कोंबडा. कोंबड्याचा एक डोळा झिजून गेलाय, त्यामुळे तो सारखा डोळा मारतोय असं वाटतं. मित्रांनो, माझा स्वभाव तसा गंभीर आहे. पण झाकणावर असा कोंबडा असला की तुमच्या गांभीर्यावर कोण विश्वास ठेवणार?

माझा जन्म एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. माझे काही भाऊ बिस्किटांचे डबे झाले, काही तंबाखूचे. माझ्या पोटात मात्र खाण्याचा पदार्थ कधीच पडला नाही. पडली ती फक्त खाण्याची कागदपत्रं. आर्डिसचं ऑरिन ब्रेकेशी लग्न ठरलं तेव्हा विस्कॉन्सिनमधल्या त्यांच्या गावच्या चर्चमधल्या बायकांनी मला तिला भेट दिलं. प्रत्येकीने एकेक पाककृती कार्डावर लिहून माझ्यात घातली होती. शेजारच्या थेल्मा सँडविकने आल्याच्या केकची कृती दिली, पण त्यातला एक जिन्नस मुद्दाम गाळून, म्हणजे आर्डिसचा केक तिच्या केकच्या वर जायला नको.

पहिली बारा वर्षं माझ्या वैभवाची होती. दिवसातून तीनदा झाकण उघडायचं. माझ्या कार्डांवर लोण्याचे डाग पडले, अंड्याचे शिंतोडे उडाले, आणि लोक म्हणायचे, "आर्डिस, तुझ्या डब्यात जादू आहे." मी मनातल्या मनात कोंबड्याचा तुरा ताठ करायचो. पुढे आर्डिसला सगळं पाठ झालं आणि माझी रवानगी फ्रीजच्या डोक्यावर झाली. तिथे एक बिघडलेली विजेरी होती आणि मेलेल्या कुत्र्याचं उरलेलं औषध. अशा संगतीत मी आठ वर्षं काढली.

मग आर्डिसचा मुलगा लोवेल सोळा वर्षांचा झाला आणि घरात एक खेळ आला.

खेळ असा होता. लोवेल गोष्ट सांगायचा. त्याचा मित्र गॉर्डी त्या गोष्टीतला शूर सरदार व्हायचा आणि कॉनी नावाची मुलगी चलाख चोर व्हायची. समोर काय आलं ते लोवेल सांगायचा, आपण काय करणार ते ही दोघं सांगायची, आणि जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा. दर शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर हे चालायचं. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत अजगर, किल्ले, भुयारं.

अजगर बनवण्यात लोवेलचा हात कोणी धरला नसता. पण अजगरापर्यंत पोचायच्या वाटेवर जी माणसं भेटतात, जो खजिना सापडतो, तिथे त्याची बोंब होती.

"खानावळवाल्याचं नाव काय?" कॉनी विचारायची.

"जॉन."

"परत जॉन? मागच्या गावातला जॉन, त्याच्या आधीचा जॉन. एकच माणूस आमच्या पुढे पळत जातो का रे?"

"बरं, तळघरात खजिना आहे," लोवेल घाईने म्हणायचा. "शंभर सोन्याची नाणी."

"मागच्या तीन गुहांतही शंभरच होती," गॉर्डी म्हणायचा. "राक्षसांना पगार ठरलेला दिसतोय."

लोवेलचे कान लाल व्हायचे. एका शनिवारी कॉनी जांभई देत म्हणाली, "पुढच्या वेळी मी येईन असं सांगत नाही हं." दुसऱ्या दिवशी त्याने कोरी कार्डं शोधायला फ्रीजवर हात घातला आणि मला खाली काढलं. कोरी कार्डं नव्हती. पण प्रत्येक कार्डाची मागची बाजू कोरी होती.

दोन दिवसांनी आर्डिसला वाटाण्याच्या सुपाचं प्रमाण बघायचं होतं. तिने कार्ड उलटं धरलं आणि घर दणाणलं.

"लोवेल! माझ्या सुपामागे हा कोण उभा आहे?"

"पहारेकरी आहे गं आई. किरकोळ पात्र. दोन मिनिटांत मरतो."

"नाव काय त्याचं?"

"मरणाऱ्याला नाव कशाला?"

"मग मरेपर्यंत त्याला काय 'अहो पहारेकरी' म्हणायचं?" आर्डिस खुर्ची ओढून बसली. रागावली होती, पण कार्ड काही तिने खाली ठेवलं नाही. "बरं, आत्ता या घटकेला त्याला काय हवंय?"

"दार राखायचंय."

"ते त्याच्या मालकाला हवंय. त्याला काय हवंय?"

आर्डिसने आपल्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाली, "त्याचे बूट चावतायत. बायकोने एक नंबर लहान आणलेत, आणि तिला सांगायची याची छाती होत नाही." तिने पेन घेतलं आणि सुपाच्या पाठीवर लिहिलं: हॅक्झेल, पहारेकरी, बूट चावतात, बायकोला भितो.

त्या शनिवारी सरदार आणि चोर तलवारी उपसून किल्ल्याच्या दारात आले, तर पहारेकरी दगडावर बसून पाय चोळत होता. गॉर्डीने तलवार म्यान केली आणि त्याला आपले जादा मोजे दिले. कॉनीने बुटात सुके वाटाणे भरून, ते पाण्याने फुगवून बूट रुंद करायची युक्ती सांगितली. हॅक्झेलचे डोळे भरून आले आणि त्याने त्यांना मागचं दार दाखवलं. तासभर हसून मुलांची पोटं दुखली.

"आज कोणीच मेलं नाही," कॉनी म्हणाली, "आणि तरी मजा आली. पुढच्या शनिवारी किती वाजता?"

तेव्हापासून मी पुन्हा ओट्यावर आलो. आर्डिस भांडी घासता घासता माणसं बनवायची आणि हात पुसून ती कार्डांच्या मागे लिहायची. खजिन्याचाही तिचा एक नियम होता. ती लोवेलला विचारायची, "ही वस्तू आधी कोणाची होती? आणि ती हरवली तेव्हा त्या घरात कोण कोणावर ओरडलं?" या प्रश्नापुढे शंभर नाणी टिकेनात. त्याऐवजी माझ्यात आला एक वाढायचा डाव, जो भांड्यात असेल त्यापेक्षा एक वाढप जास्त काढतो, पण वाढणाऱ्याने शेवटी जेवायचं. आला एक चांदीचा कंगवा, जो आधीच्या मालकिणीच्या चहाड्या कानात सांगतो. आणि आलं एक निळं काचेचं भांडं, जे कोणी उसनं नेलं तर स्वतःच्या पायांनी घरी परत येतं.

हे शेवटचं कार्ड आर्डिसने जरा जास्तच दाबून लिहिलं, कारण तिचं खरं निळं भांडं सहा वर्षं थेल्माकडे होतं.

थेल्माचं असंच होतं, मित्रांनो. ती साठी ओलांडलेली, एकटी, ताठ मानेची बाई. वस्तू न्यायची, "रविवारपर्यंत गं" म्हणायची, आणि कुठला रविवार ते सांगायची नाही. मग एके दिवशी, तिच्याच आल्याच्या केकच्या कार्डामागे, आर्डिसने एक नवं पात्र लिहिलं. थेल्डा, पुलाची राखण करणारी म्हातारी. पूल ओलांडणाऱ्याकडून एक वस्तू 'रविवारपर्यंत' घेते. परत देत नाही. काय हवंय: जे दुसऱ्याचं आहे ते सगळं.

मुलांनी थेल्डाला डोक्यावर घेतलं. पहिल्याच भेटीत तिने सरदाराचं शिरस्त्राण नेलं, दुसऱ्या भेटीत त्याचं खोगीर. अजगर डोंगरात वाट बघत बसला आणि ही दोघं तीन शनिवार पुलावर भांडत राहिली. आर्डिस स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावावा तसा टॉवेल लावून हसायची. पाठोपाठ लिंडो साधूही आला. हा उघड उघड चर्चचा पास्टर लिंडाल होता. त्याच्या आशीर्वादाने जखमा भरायच्या, पण तो आधी "थोडक्यात सांगतो" म्हणायचा आणि मग दीड तास लागायचा.

मला हे सगळं आवडत होतं का? हो. पण थोडी धाकधूकही होती. माझ्या एका बाजूला गावातल्या बायकांची नावं होती आणि दुसऱ्या बाजूला त्यांची सोंगं. मधे फक्त एका कार्डाची जाडी.

आणि व्हायचं ते झालंच. चर्च उबदार ठेवणारा बॉयलर बंद पडला. नव्या बॉयलरसाठी बायकांनी गावच्या पाककृतींचं पुस्तक काढायचं ठरवलं. एका सकाळी आर्डिस बाजारात गेली होती, घरात ऑरिन एकटाच पेपर वाचत होता. ऑरिन दुधाचा ट्रक चालवायचा आणि आठवड्याला साधारण अकरा शब्द वापरायचा. दार उघडून थेल्मा आत आली.

"ऑरिन, आर्डिसचा पाककृतींचा डबा पुस्तकासाठी नेते. रविवारपर्यंत."

मी मनात ओरडलो, नको म्हण, नको म्हण! ऑरिनने पेपरचं पान उलटलं.

"हं," तो म्हणाला.

चर्चच्या स्वयंपाकघरात बर्निस पुस्तकाच्या प्रती काढण्यासाठी टाइपरायटरवर स्टेन्सिल कापत बसली होती. बर्निसचं असं होतं की ती टाइप करायची, वाचायची नाही. कार्डाची एक बाजू संपली की ती दुसरी घ्यायची. तिने घेवड्याची कृती अशी टाइप केली: चाळीस मिनिटं भाजा, गरमागरम वाढा, अंधारात दिसतं, चांदीला घाबरतो. मग ती थांबली. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.

"अगं बाई! हा तो खेळ आहे! माझ्या नणंदेने रेडिओवर ऐकलंय, या खेळाने पोरं सैतानाच्या नादी लागतात!"

"सैतान घेवड्यामागे कशाला बसेल?" थेल्मा म्हणाली आणि तिने मला आपल्याकडे ओढलं. तिची बोटं थेट आल्याच्या केकवर गेली. आपलंच अक्षर ओळखून ती जरा हसली. मग तिने कार्ड उलटलं.

मित्रांनो, मी पत्र्याचा आहे, पण त्या क्षणी मला घाम फुटला. थेल्माने दोनदा वाचलं. तिचा चेहरा हलला नाही. तेवढ्यात आरडाओरडा ऐकून पास्टर आले आणि बर्निसने लिंडो साधूचं कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं. दीड तासाच्या ओळीवर आवाज बारीक झाला.

"यात सैतान दिसत नाही, बर्निस," ते शेवटी म्हणाले. "यात मी दिसतो. ते जास्त वाईट आहे."

पुढच्या रविवारी त्यांनी अकरा मिनिटांत प्रवचन आटोपलं. गावात कोणाचीच तयारी नव्हती. दीड तासाच्या बेताने सगळ्यांनी घरी ओव्हनमध्ये ठेवलेलं मांस कच्चं राहिलं.

थेल्माने मात्र त्या सकाळीच कार्ड माझ्यात परत घालून झाकण लावलं. तिने मला उचललं आणि आपल्या घरी नेलं. तिकडे आर्डिसला हे सगळं बर्निसकडून कळलं, आणि ऐकल्यापासून लाजेने तिचं जेवण गेलं. "कोणत्या तोंडाने डबा मागायला जाऊ?" ती म्हणायची. चर्चमध्ये दोघी वेगवेगळ्या बाकांवर बसू लागल्या. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

थेल्माच्या स्वयंपाकघरात मी दहा दिवस काढले. तिथे मी तिचं कपाट पाहिलं. सगळ्या गावाची भांडी त्यात होती. घासलेली, पुसलेली, प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. आर्डिसचं निळं भांडंही होतं. थेल्मा त्यातलं एकही वापरायची नाही. ती रोज दुपारी तीन वाजता दोन कप काढायची, कॉफी करायची आणि एकाच कपात ओतायची.

चौथ्या दिवशी बर्निस दारात आली. "थेल्मा, माझा केकचा साचा?"

"अगं, सापडतच नाहीये. बस ना, शोधते. तोवर कॉफी घे."

साचा हाताच्या अंतरावर होता. बर्निस तासभर बसली. नणंद, गुडघेदुखी, बॉयलर, सगळं बोलून झालं. ती साच्याशिवायच गेली, आणि थेल्मा संध्याकाळपर्यंत गुणगुणत होती.

तेव्हा माझ्या पत्र्याच्या डोक्यात उजेड पडला. वस्तू परत केली की माणसाला परत यायचं कारण उरत नाही. थेल्माने भांडी अडकवली नव्हती, येणं-जाणं अडकवलं होतं. पण मला मागायला मात्र कोणीच आलं नाही. रोज तीन वाजता ती खिडकीतून ब्रेक्यांच्या दाराकडे बघायची. दहाव्या दिवशी तिने थेल्डाचं कार्ड काढलं, पेन घेतलं, एक ओळ खोडली आणि खाली नवी ओळ लिहिली. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. तिने मला पिशवीत घातलं आणि बर्फ तुडवत निघाली.

ब्रेक्यांच्या टेबलावर खेळ कसाबसा चालू होता. कार्डांशिवाय लोवेलचा प्रत्येक माणूस पुन्हा जॉन झाला होता. कॉनीने कोट चढवला होता. बेल वाजली आणि आर्डिसने दार उघडलं.

"थेल्मा... मी... ते नुसतं मुलांसाठी... माझं चुकलं गं..."

"कॉफी आहे का?"

"आहे."

"मग आधी ती आण. तुझी माफी नंतर घेईन, सावकाश." थेल्मा आत आली आणि तिने मला टेबलावर ठेवलं. "थेल्डा कोण बोलतं?"

सगळी मुलं खाली बघू लागली. "मी," लोवेल पुटपुटला.

"कशी बोलतोस?"

लोवेलने घशातून एक किरटा, घोगरा आवाज काढला.

"शी! तिला काय घटसर्प झालाय? सरक तिकडे." थेल्मा खुर्चीत बसली आणि गॉर्डीकडे वळली. "हं, सरदार. काय काम काढलंत?"

गॉर्डीने घाबरत लोवेलकडे पाहिलं. मग छाती काढली. "म्हातारे, माझं शिरस्त्राण परत दे!"

"म्हातारी कोणाला म्हणतोस? बरं, देते की. कुठे ठेवलंय ते आठवत नाही. बस तिथे. आई बरी आहे का तुझी?"

"सरदाराची आई?"

"सरदार काय झाडावर उगवतात?"

कॉनीने हळूच कोट काढला. "सरदार बोलतोय तोवर मी मागून तिच्या झोपडीत शिरते," ती म्हणाली आणि तिने फासा टाकला. वीस बाजूंपैकी नेमकी एकची, म्हणजे सपशेल फसण्याची बाजू वर आली.

"कॉनी," थेल्मा मागे न बघता म्हणाली, "आलीच आहेस तर येताना साखर घेऊन ये."

लोवेल हसता हसता खुर्चीवरून पडला. सरदार त्या दिवशी दोन तास पुलावर बसला, आपल्या आईचं सगळं दुखणंखुपणं सांगून मोकळा झाला, आणि शिरस्त्राणाशिवायच उठला. वर हातमोजेही तिथेच ठेवून आला.

त्या गडबडीत आर्डिसने थेल्डाचं कार्ड उचललं. 'जे दुसऱ्याचं आहे ते सगळं' ही ओळ खोडलेली होती. खाली थेल्माच्या ताठ अक्षरात लिहिलं होतं: काय हवंय: कोणीतरी मागायला यावं.

आर्डिसने कार्ड जपून माझ्यात ठेवलं. मग तिने थेल्माच्या कपात कॉफी ओतली.

"थेल्मा, गुरुवारी दुपारी येऊ का? माझं ते निळं भांडं..."

"ते सापडत नाहीये."

"मग शोधायला वेळ लागेल."

"लागणारच की," थेल्मा म्हणाली आणि फासा उचलला.

पुस्तक छापलं गेलं. घेवड्याचं स्टेन्सिल बदलायचं राहूनच गेलं, आणि ते पान वाचण्यासाठी शेजारच्या गावांतूनही लोकांनी प्रती नेल्या. नवा बॉयलर आला. पुढे मुलं शिकायला बाहेर गेली, तरी दर गुरुवारी त्या दोघी माझं झाकण उघडून बसायच्या आणि नवी माणसं बनवायच्या. एक लेखणीवरून भांडायची, दुसरी नावावरून. बनलेली माणसं पाकिटात घालून लोवेलला पाठवायच्या. ऑरिन एकदा पेपरामागून म्हणाला, "त्या हॅक्झेलला मुलगी हवी." एका दमात इतके शब्द! दोघींनी ते लगेच लिहून घेतलं.

आता त्या दोघी नाहीत. मी कॉनीच्या घरी असतो. तिची मुलं खेळतात, त्यांचे मित्र खेळतात, आणि माझ्यात आता दोनशे अठरा माणसं आणि एक्याण्णव खजिने आहेत. झाकण नीट बसत नाही. बिजागरी करकरते. मागच्या वर्षी बर्फ वितळून तळघरात पाणी शिरलं तेव्हा बुडाशी थोडा गंजही चढला.

मित्रांनो, तुमच्या घरात असा एखादा डबा असेल तर त्याच्या बिजागरीला कधीतरी तेलाचा थेंब द्या, कोरड्या फडक्याने पुसा, आणि तळघरात टाकू नका, वरच्या फळीवर ठेवा. माझं मी कसंही निभावेन. पण आतली माणसं आता म्हातारी झाली आहेत, त्यांना ओल सोसत नाही.